यंत्राची कारकुनी आणि माणसाची जबाबदारी

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि पनवेल तालुक्याचा पत्ता बदलला. अलिबागचा कुलाबा किल्ला मात्र तोच राहिला आणि मुंबईतील कुलाबाही. दप्तरात ‘कुलाबा’ दिसेल तेथे खोडून ‘रायगड’ लिहिण्याचे काम एखाद्या आज्ञाधारक कारकुनावर सोपविले असते, तर किल्ल्याचे आणि मुंबईच्या वस्तीचेही नामांतर होऊन बसले असते! संगणकाच्या आज्ञावलीत फेरफार करताना नेमका हाच धोका संभवतो.

तो टाळण्यासाठी ‘रिफॅक्टरिंग’ची स्वयंचलित साधने निर्माण झाली. आज्ञावलीचे बाह्य वर्तन कायम ठेवून तिची अंतर्गत रचना सुधारणे, हा या संज्ञेचा अर्थ. विल्यम ऑपडाइक यांच्या १९९२च्या प्रबंधाने या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. मार्टिन फाउलर यांच्या १९९९च्या ग्रंथाने तो सर्वत्र पोहोचविला. ही साधने केवळ अक्षरे जुळवीत नाहीत; कोणते नाव कोणत्या घटकाचे, हे आज्ञावलीच्या व्याकरणावरून ओळखतात आणि शेकडो ठिकाणचा बदल क्षणार्धात करतात. त्यांची उपयुक्तता नाकारणे अडाणीपणाचे ठरेल.

परंतु साधनाची दृष्टी त्याच्यापुढे ठेवलेल्या आज्ञावलीपुरतीच असते. जुन्या खरेदीखतावरील ‘कुलाबा’ सरकारी अधिसूचनेने पुसला जात नाही. त्याचप्रमाणे साठविलेल्या माहितीतील, किंवा दुसऱ्या कार्यालयाच्या संगणकाने गृहीत धरलेले नाव साधनाच्या आवाक्याबाहेर राहते. शिवाय एखादा नियम मुळात का घातला गेला, हे कोणतेही व्याकरण सांगत नाही. रचना सुबक होते. मूळ हिशेबात दोष असेल, तर तोही तितक्याच सुबकपणे जपला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने याहून धाडसी बदल सुचवितात. पण वर्तन न बदलण्याची हमी ती देऊ शकत नाहीत.

एक श्रम स्वस्त झाला की त्याला पूरक असलेल्या श्रमाचे मोल वाढते, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. फेरफार स्वस्त झाले की ते वारंवार होतात आणि प्रत्येकाची तपासणी करणारा जाणकार अधिक लागतो. तपासणीवरील खर्च कापून दाखविलेली बचत ही पुढच्या वर्षावर ढकललेली उधारी होय.

पनवेलहून ऐरोली, महापे येथील कार्यालयांत रोज जाणाऱ्या तरुणांच्या उपजीविकेचा प्रश्न यात गुंतलेला आहे. केवळ यांत्रिक दुरुस्ती जाणणाऱ्याची गरज घटत जाणार, हे उघड आहे. महाविद्यालयांचा भर मात्र अद्याप नवी आज्ञावली लिहिण्यावरच आहे. नोकरीत बव्हंशी दुसऱ्याने लिहिलेली जुनी आज्ञावली सांभाळावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती अशी एखादी जुनी आज्ञावली द्यावी, प्रथम तिच्या चाचण्या लिहवून घ्याव्यात आणि मगच तिला हात लावू द्यावा. या सुधारणेसाठी निधी लागत नाही. अभ्यासमंडळांची इच्छाशक्ती तेवढी लागते.