गस्त घालणारा हात सुडाला लागू नये



६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. लागलीच इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्या आठवड्यात पाळी सुटल्यावर आमच्या सूतगिरणीच्या गेटावर पोरे गोळा झाली आणि म्हणाली, "आपणही दल काढू. सरहद्दीवर जाऊ. एकदा दाखवूच!"

दल काढायला माझी ना नाही. सभेला, मोर्चाला, संपाला शिस्तीचे दल लागतेच. पण दल राखणीला की सुडाला, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरवले नाही म्हणजे काय होते, हे आपल्याच मुलखाने १९४८ साली बघितले आहे. निम्मी गोष्ट आपण १७ सप्टेंबरला दरवर्षी झेंडा लावून सांगतो. उरलेली निम्मी कुणी सांगत नाही. आज दोन्ही सांगतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. ८ तेलुगू, ५ मराठी, ३ कानडी. प्रजेत शेकडा ८० च्या वर हिंदू आणि गादीवर निजाम. १९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात यायला तयार होईना. लातूरचा वकील कासीम रझवी याने रझाकारांची फौज उभी केली. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला, हजारोंनी तुरुंग भरले. मग गावांवर धाडी सुरू झाल्या. घोड्यावरून, लॉरीतून रझाकार यायचे. कधी संगतीला संस्थानचे पोलीस असायचे. धान्य न्यायचे, दागिने न्यायचे, घरे पेटवायचे, माणसे कापायचे. बीदर जिल्ह्यातल्या गोर्ट्याला मे १९४८ मध्ये मोठी कत्तल झाली.

आता सांगा, ज्या गावाचा फौजदारच धाडीत सामील, त्या गावाने फिर्याद कुणाकडे न्यायची? तेव्हा गावेच उठली. वेशीला दारे लागली. गढीच्या बुरजावर रात्रीचे पहारे बसले. ठासणीची बंदूक असेल त्याने ती काढली, नसेल त्याने गोफण घेतली, बरची घेतली. बायांनी माळवदावर दगडांचे ढीग रचले. जवळपास सरहद्द असेल तर बायकापोरे रातोरात सोलापूर, बार्शी, नगर, वऱ्हाडाकडे निघाली. या मुलखात सरहद्दीलगत कॅम्प उभे राहिले. तिथले जवान संस्थानच्या करोडगिरी नाक्यांवर हल्ले करीत आणि धाड आली की गावाच्या मदतीला धावत.

तेलंगणातल्या भैरणपल्ली गावाची हकिगत तर प्रत्येक कामगाराला पाठ असली पाहिजे. गावाच्या मध्ये एक बुरूज. बुरजावर पहारा आणि नगारा. धाड दिसली की नगारा वाजायचा आणि सारा गाव जागेवर हजर. शेजारच्या गावावर संकट आले तरी ही माणसे धावून जात. रझाकारांना त्यांनी पहिल्या खेपांना परतवून लावले. तेव्हा २७ ऑगस्ट १९४८ च्या पहाटे रझाकार फौजफाटा घेऊन आले. बुरजावर तोफ डागली. बुरूज पडला, गाव पडला, शंभराच्या आसपास माणसे मारली गेली. पुढे तीन आठवड्यांच्या आत, १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत, भारतीय फौजेपुढे निजाम शरण आला. तीन आठवडे आधी फौज आली असती तर? जाऊ द्या. बुरजावरच्या माणसांना मुजरा करू आणि पुढे जाऊ.

आता दुसरी निम्मी गोष्ट.

रझाकार म्हणजे मुसलमान, असे सरसकट म्हणणाऱ्याला मी विचारतो, शोएबुल्ला खान कोण होता? 'इमरोज' या उर्दू पत्राचा तरुण संपादक. संस्थानाने भारतात जावे असे त्याने छापले, म्हणून २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत रझाकारांनी त्याला ठार केले. आणि उलट, तेलंगणात कुळांच्या चळवळीला भिऊन रझाकारांना हाताशी धरणारे काही देशमुख हिंदूच होते. दलितांना तिकडे ओढण्याचाही डाव होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवेदन काढून निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले. म्हणजे फूट सरळ धर्माची नव्हती. ती गावागावातून, गल्लीगल्लीतून गेलेली होती.

पण फौज आली, रझाकार पळाले, आणि सूड घ्यायला समोर कोण उरले? ज्याला पळायला जागा नव्हती तो. गावातला अत्तार, पिंजारी, मजूर, विणकर. ज्याने कधी बरची हातात धरली नव्हती असा गरीब मुसलमान. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवले. समिती १६ पैकी ९ जिल्हे फिरली. तिचा अंदाज असा, की या सुडात संस्थानभर २७ हजार ते ४० हजार माणसे मेली. सगळ्यांत जास्त मार पडलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि नांदेड हे आपले दोन जिल्हे आहेत. तो अहवाल सरकारने वर्षानुवर्षे दाबून ठेवला. लोकांना तो वाचायला मिळाला २०१३ च्या सुमारास.

बंधूंनो, हे लिहिताना हात जड होतो. बुरजावरच्या पहाऱ्याचा अभिमान आणि ही लाज, दोन्ही आपल्याच पदरी आहेत. एक ठेवून दुसरे झटकता येत नाही.

पण त्याच अहवालात एक नोंद आहे, ती मला रात्री झोपू देत नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले. हिंदूंच्याच जमावापुढे आडवे उभे राहिले आणि काहींनी त्यात स्वतःचा जीव दिला. का? त्यांना कुणी भाषण दिले नव्हते, कुणी पुस्तक वाचून दाखवले नव्हते. पण शेजारचा माग ज्याचा, त्याचा हात कसा चालतो हे त्यांना ठाऊक होते. धागा तुटला तर आपण पाणी पिऊन येईस्तोवर तो जोडून ठेवणारा तो माणूस होता. सूत एकाच्याच दुकानातून यायचे आणि उपासही एकाच वेळी पडायचा.

हे विणकर आपले पूर्वज. आपल्या जातीचे नसतील, आपल्या धंद्याचे आहेत.

म्हणून पोरांना माझे म्हणणे असे. दल काढा, पण ते भैरणपल्लीच्या नगाऱ्यासारखे असू द्या. सभेत बायापोरांभोवती कडे करा. दंगलीची हूल उठली तर आधी खात्री करा, मग तोंड उघडा. सरहद्दीपलीकडे मराठी माणसावर लाठी चालली तर मोर्चा काढा, गेट बंद करा, सरकारला जाब विचारा. पण कानडी ड्रायव्हर हा आपला सरकारी शत्रू नाही. तो बारा-बारा तास स्टिअरिंगला जुंपलेला कामगार आहे. आणि आपल्याच खात्यात पलीकडच्या साच्यावर जो कानडी बोलतो, त्याच्या खोलीवर उद्या कुणी दगड घेऊन गेला, तर पहिला आडवा आपल्या दलाचा माणूस उभा राहिला पाहिजे.

मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बीदर-भालकीची, बेळगावची गावे बाहेर राहिली. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. हा लढा न्यायाचा आहे. न्याय मागणाऱ्याचा हात स्वच्छ पाहिजे, नाहीतर मागणी कितीही खरी असो, ऐकणारा हाताकडेच बघतो.

गस्त घाला. जागे राहा. सूड मात्र दारात येऊ देऊ नका.

बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो!