नळीतली शक्ती की वेळेवरचा घास?

चिवावासारख्या चिमुकल्या जातीच्या पिलाचे यकृत लहान असते. त्यात ग्लायकोजेनचा साठा अगदी थोडा. काही तास उपास घडला किंवा थंडी बाधली, की रक्तातील साखर उतरते. मेंदूला इंधन कमी पडते. पिलू थरथरते, झोकांड्या खाते, बेशुद्धही पडते. अशा वेळी हिरड्यांना साखरेचा पाक चोळावा व तडक पशुवैद्याकडे न्यावे. बेशुद्ध पिलाच्या तोंडात काहीही ओतू नये. नळीतली शक्तिवर्धक पेस्ट अडचणीपुरतीच. ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही. दिवसातून ४ ते ६ वेळा थोडेथोडे खाणे आणि ऊब, हाच खरा उपाय. एवढा वेळ देता येणार नसेल, तर असे पिलू आणण्याचा हट्ट धरू नका, असे मला वाटते.