उस्तादांचं हुनर कागदावर कधी येणार?

आपल्या जलशांमध्ये अल-जझारी यांचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. वक्ता त्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या घड्याळांचं वर्णन करतो, समोरचे "सुभानअल्लाह" म्हणतात, जलसा संपतो. पण या माणसाचं खरं मोठेपण काय, हे फारसं कुणी सांगत नाही. ते दरबारात यंत्रं बनवणारे कारागीर होते. १२०६ मध्ये त्यांनी पूर्ण केलेल्या ग्रंथात ५० यंत्रांची कृती चित्रांसह आहे. दुसऱ्या कारागिराला ती वाचून काम करता यावं, अशा तपशिलाने लिहिलेली. हुनर तर त्या काळी अनेकांकडे होतं. अल-जझारींनी ते कागदावर उतरवलं, म्हणून आठशे वर्षांनी आपण त्यांचं नाव घेतो.

आज आपल्या मोहल्ल्यांत हुनराला तोटा नाही, कागदाचा मात्र दुष्काळ आहे. माझं म्हणणं असं, की गॅरेजमधलं ज्ञान लिहिलं गेलं पाहिजे, ते मराठीत लिहिलं गेलं पाहिजे आणि त्याची सुरुवात शाळेने केली पाहिजे.

एक साधं उदाहरण घेतो. सायकलला छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवण्याचे किट मिळतात. या सायकलीला गिअर नसतात, म्हणून न्यूट्रलही नसतो. इंजिन चाकापासून वेगळं करायचं, तर क्लच हा एकच मार्ग. लिव्हर दाबूनही क्लच सुटला नाही, तर इंजिन चाकाला ओढतच राहतं. समोर माणूस आला आणि ब्रेकशी इंजिन झगडत असेल, तर ते धोक्याचंच. अशा वेळी आधी किल-स्विच दाबून इंजिन बंद करायचं, ही पहिली ओळ.

मग तपासणी, इंजिन बंद ठेवूनच. लिव्हर दाबून सायकल ढकलून बघायची. चाक मोकळं फिरलं तर क्लच सुटतोय. चाकाबरोबर इंजिनही फिरलं तर सुटत नाही. आता क्रम महत्त्वाचा: बाहेरून आत, फुकटापासून खर्चाकडे.

आधी वायर. लिव्हरला २-३ मिलिमीटर प्ले हवा. त्याहून बराच जास्त असेल, तर लिव्हर पूर्ण दाबूनही इंजिनवरचा क्लचचा दांडा पुरेसा हलत नाही. वायर ताणून बघा. तिचं बाहेरचं आवरण कुठे तीव्र वळलंय का, आतल्या तारा तुटायला लागल्यात का, टोकाचा क्लॅम्प सरकलाय का, हेही बघा. तक्रार इथेच मिटली, तर एकही झाकण उघडावं लागत नाही.

वायर ठीक असेल तर डावीकडचं, चेनच्या बाजूचं झाकण. दांडा फिरला की तो आतल्या एका जाड, आखूड सळईला ढकलतो. ती एका पोलादी छऱ्याला ढकलते, छर्रा लांब सळईला, आणि लांब सळई पलीकडची क्लचची चकती उचलते. चेन चढवताना हे झाकण काढलं जातं, तेव्हा तो छर्रा गळून पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी वस्तू हरवते आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, "इंजिन खोलना पडेगा."

छर्रा जागेवर असेल, तरच उजवीकडचं झाकण. तिथे घर्षणाचे छोटे पॅड असतात. सायकल बरेच दिवस उभी असेल तर ते चिकटून बसतात. इंजिन बंदच ठेवून, लिव्हर दाबून सायकल पुढे-मागे हलवली की बहुतेक वेळा मोकळे होतात. गिअरवर जास्त ग्रीस थापलेलं असेल, तर ते उडून पॅडवर जातं. ते पुसून काढायचं. शेवटी मधला फुलासारखा नट. तो फार आवळला तर क्लच सुटत नाही, फार सैल केला तर घसरतो. म्हणून एका वेळी एकच खाच फिरवायची, किती फिरवली ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा ढकलून बघायचं.

हे सगळं चांगल्या उस्तादाला पाठ असतं. पण त्याचा शागिर्द ते कसं शिकतो? पाने देता-देता, शिव्या खाता-खाता, चार-पाच वर्षांत. उस्तादाने कारण सांगितलं तर सांगितलं. नाही तर पोराला "काय करायचं" कळतं, "का करायचं" कळत नाही. नवी गाडी आली की तो पुन्हा शून्यावर. तेच एका पानावर लिहिलेलं असेल, तर पोरगा ते आठवडाभरात समजून घेईल आणि उरलेली वर्षं पुढचं शिकेल.

ही पोरं आपलीच आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. शाळा सुटली की अनेकांच्या हातात पाना येतो. वर्गात ज्याला आपण "ढ" म्हणतो, तो गॅरेजमध्ये एकेक शक्यता बाद करत बिघाडापर्यंत पोहोचतो. विज्ञानाच्या पुस्तकात याच पद्धतीवर आपण धडा शिकवतो आणि गुण देतो. त्या मुलाला मात्र कुणी सांगत नाही, की तू करतोस तेही विज्ञानच आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आठवी-नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा एका कारागिराकडे जावं आणि एक पान लिहावं: तक्रार काय, तपासणीचा क्रम काय, कारण काय, उपाय काय, धोका काय. उर्दू शाळेतल्या मुलांनी ते दोन्ही भाषांत लिहावं. क्लच, वायर, छर्रा, नट हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. निबंधात "माझा आवडता ऋतू" लिहिणाऱ्या मुलाला यातून मराठीही चांगलं येईल, कारण इथे चुकीच्या क्रियापदाने खरंच गाडी बिघडते.

काही पालक म्हणतील, "मास्तर, आम्ही पोराला शिकवतोय ते गॅरेजमधून बाहेर काढायला." बरोबर आहे. पण लिहिता येणारा कारागीर आयटीआयच्या, डिप्लोमाच्या दारापर्यंत लवकर पोहोचतो. काही उस्ताद म्हणतील, "सगळं लिहून दिलं तर माझ्याकडे कोण येईल?" त्यांना माझं अदबीने सांगणं आहे, की कृती वाचून कुणाच्या हाताला सफाई येत नाही. ती तुमचीच राहील. पण तुमच्या डोक्यातला क्रम तुमच्याबरोबर गेला, तर मागे कुणाच्या हाती काय राहणार?