चंद्रभागेची वाळू विकत घेणाऱ्या पंढरपूरकरांना जाहीर आवाहन



समस्त पंढरपूरकर, मठ-धर्मशाळांचे विश्वस्त, बांधकाम ठेकेदार आणि दिंडीप्रमुख यांस,

कार्तिकी वारी तोंडावर आली. दर्शनबारी, मंडप, दिवाबत्ती, टँकर यांच्या बैठकांवर बैठका होतील. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या खड्ड्यांचा विषय मात्र कुणी काढणार नाही. म्हणून हे पत्रक.

2025 साली आषाढी 6 जुलैला झाली. तो महिना सरायच्या आत पुंडलिकाच्या मंदिराजवळ तीन माउल्या बुडाल्या. त्या दिवशी नदीला पाणी जास्त होतं, मान्य. पण पाणी ओसरल्यावरही माणसं बुडतात, त्याचं खापर कुणावर फोडणार? गुडघाभर पाण्यात उभी असलेली म्हातारी एक पाऊल पुढे टाकते आणि पाणी डोक्यावरून जातं. वरून खड्डा दिसत नाही. मागे फिरायला पाय रोवावा, तर कडेची भुसभुशीत वाळूच निसटते. त्यात कुणी पाण्यात सोडलेली साडी पायात गुरफटली की संपलंच.

हे खड्डे नदीने पाडलेले नाहीत. मध्यरात्रीनंतर घाटावर या आणि बघा. गाढवांच्या पाठीवर ओल्या वाळूच्या गोण्या, खाली पाण्याची धार गळतेय, आणि रांग मुकाट्याने बोळात शिरतेय. वाट इतकी पाठ झालेली, की हाकायलाही माणूस लागत नाही. बोळाच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा. पहाटेच्या काकड आरतीच्या आत सगळं साफ!

कारवाई होते, गाढवं धरली जातात, वाहनं जप्त होतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. का? कारण गिऱ्हाईक शाबूत आहे. ते गिऱ्हाईक सोलापूर-पुण्याचं नाही, ते आपणच आहोत. ज्या लॉजमध्ये वारकरी उतरतो त्याच्या वरच्या मजल्याला कुठली वाळू लागली? भक्तनिवासाच्या स्लॅबला? चंद्रभागेवर जगायचं आणि तिचाच तळ उपसून विकत घ्यायचा, याला माळकऱ्यांच्या गावात काय म्हणतात ते प्रत्येकाने आपल्या गळ्यातल्या माळेला विचारावं.

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच गावात प्राण पणाला लावले, तेव्हा विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांसह सगळ्यांना उघडलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क संपले. देवळाच्या दारासाठी एवढे लढे झाले. पण वारकरी आधी चंद्रभागेत उतरतो, मग पुंडलिक, मग नामदेव पायरी. पहिल्याच पायरीवर त्याचा जीव जात असेल तर पुढचं दार उघडं असून उपयोग काय? ऑक्टोबर 2020 मध्ये याच नदीकाठी कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून सहा जण गेले. हळहळलो. मग? विसरलो.

काही शहाणे म्हणतात, ‘पोहता येत नाही तर उतरावं कशाला?’ त्यांना उत्तर द्यायची आमची इच्छा नाही. ‘वाळूशिवाय घर कसं बांधायचं?’ क्रशरची कृत्रिम वाळू मिळते, सरकारी कामांनाही तीच वापरायचं धोरण आहे. गरिबाच्या घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट द्यायची सरकारी तरतूद आहे, तिचा अर्ज भरून द्यायला आम्ही बसलो आहोत. ‘रात्रीत येते, स्वस्त पडते’ एवढंच खरं कारण, हे आम्हालाही कळतं.

आता कामाचं :

1. पावतीशिवाय वाळू घेऊ नका. ठेकेदाराकडे वाहतूक परवाना मागा. दाखवत नसेल तर काम थांबवा.

2. मठ आणि धर्मशाळांनी आपल्या बांधकामावर ‘येथे चंद्रभागेची वाळू वापरलेली नाही’ असा फलक लावावा. ज्यांना लावता येत नाही, त्यांचं गावाला आपोआप कळेल.

3. रात्री उपसा दिसला की 112 ला फोन करा, तहसील कार्यालयात लेखी द्या. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्ती होऊ शकते. नाव फुटण्याची भीती असेल तर आमच्याकडे द्या, अर्ज आमच्या सहीने जाईल. आजवर तसेच गेले आहेत.

4. दिंडीप्रमुखांनो, उजनी धरणातून पाणी सोडलं आहे का, हे विचारल्याशिवाय आपली माणसं नदीत उतरवू नका. म्हाताऱ्या माणसांनी काठावर बसून तांब्याने आंघोळ केली तरी पुंडलिक रागावणार नाही. कपडे पाण्यात सोडू नका.

5. होडीवाल्या कोळी बांधवांना पात्राचा कण न् कण ठाऊक आहे. बुडणाऱ्याला बाहेर काढायला आजवर तेच धावले. खड्डे कुठे आहेत हे त्यांना विचारा, त्यांचा शब्द माना.

आमची पोरं दशमीपासून पौर्णिमेपर्यंत दोर घेऊन कंबरभर पाण्यात उभी असतात. पगार नाही, पास नाही, फोटो नाही. पण दोराने माणूस निघतो, खड्डा बुजत नाही. खड्डा बुजेल तो तुम्ही वाळू घ्यायचं थांबवाल तेव्हाच.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता महाद्वार घाटावर जमायचं आहे. खड्ड्यांच्या कडेने बांबू रोवून लाल फडकी बांधायची आहेत. घरटी एक माणूस आणि एक बांबू घेऊन या. भाषणं होणार नाहीत, हारतुरे आणू नका. ज्यांच्या बांधकामावर रात्री ट्रॅक्टर येतो, त्यांनी तर पहिल्यांदा यावं.

— चंद्रभागा वाळवंटातील सेवेकरी, पंढरपूर