कळलावीने भांडण लागत नाही

मृगाचा पाऊस पडला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, धुऱ्यावर, काटेरी कुंपणातून एक वेल वर येते. श्रावण-भाद्रपदात तिला जाळासारखी फुले लागतात. सहा पाकळ्या उलट वळलेल्या; आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. हीच कळलावी. कुणी तिला खड्यानाग म्हणतात, कुणी अग्निशिखा.

इतके देखणे फूल, पण दारात लावायला बायाबापड्या भितात. ही वेल असते त्या घरात म्हणे भांडण लागते! आणि घरात खटका उडाला की बोलणी खायची कुणी? जिने वेल लावली त्या सुनेने. भांडणाचे कारण अपुऱ्या पगारात शोधावे, दारूत शोधावे, नळाच्या रांगेत शोधावे. वेलीच्या माथी कशाला मारता?

नावाचा संबंध बाळंतपणाच्या कळांशी जोडतात. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद उगाळून पोटाला, तळपायाला लेप देत. भगिनींनो, हे आता कुणी सांगितले तरी करू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

कारण कळलावी विषारी आहे. कंद, बी, पान, सगळ्यात कोल्चिसिन नावाचे विष असते. गाऊट या सांध्यांच्या आजारावरची गोळी याच द्रव्याची. म्हणून तामिळनाडूत करूर, दिंडिगलकडे शेतकरी बियांसाठी हिची शेती करतात. तिकडे हे राज्यफूल आहे. पण डॉक्टरच्या हातातले माप वेगळे आणि आपल्या चुलीवरचे वेगळे. रताळ्यासारखा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. घरात रांगते मूल असेल, दारी बकऱ्या असतील, तर लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाकीच्यांनी सांदवाडीच्या कुंपणालगत जरूर लावावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, विहिरी आटतात, तेव्हा ही जमिनीखाली निवांत झोपलेली असते. जूनमध्ये कंद दोन इंच खोल, आडवा ठेवावा. माती भुसभुशीत, थोडी रेती मिसळलेली हवी. पाणी साचले की कंद सडतो. कंदाच्या टोकाला कोंब असतो, तो फार नाजूक. तो मोडला तर ती फांदी बहुधा वाया गेली. पानांची टोके वळून आधार पकडतात, म्हणून तुराटी किंवा तार द्यावी. तळाला भोके पाडलेला तेलाचा डबाही चालतो. हात लगेच साबणाने धुवावेत आणि कंद हळदीच्या, रताळ्याच्या टोपलीत कधीही ठेवू नये.

दिवाळीनंतर वेल वाळते. मेली समजून उपटू नका, पाणीही घालू नका. जुना कंद आकसतो, शेजारी नवा तयार झालेला असतो.

ताडोबातून कंद खणून आणणे गुन्हा आहे. रोपवाटिकेत विचारावे, नाहीतर बी पेरावे. फूल यायला मात्र तीन-चार पावसाळे थांबावे लागेल.