एटीएमपुढचा पोरगा सिनेमात का नसतो?

बँकदरोड्याचे सिनेमे नातू हौसेने लावतो, मी सोबत बसतो आणि दर वेळी चिडतो. तोच अतिहुशार म्होरक्या, टेबलावर पसरलेला बँकेचा नकाशा, लॅपटॉपवर भराभर बोटं चालवणारा हॅकर, आणि शेवटी उघडलेली तिजोरी. लुटली जाणारी बँक बहुतेकदा दुष्टच. ‘धूम 3’मध्ये बँकेने नायकाच्या बापाची सर्कस बंद पाडली, म्हणून शिकागोतले दरोडे हा न्याय ठरतो.

मी वेरूळचा, सहकारी बँकेतला निवृत्त रोखपाल. बँकेत पैसा कुणाचा असतो ते मी काउंटरच्या आतून पाहिलंय. घृष्णेश्वराच्या वाटेवर बेल-फुलं विकणाऱ्या बाईच्या चुरगळलेल्या नोटा, लेण्यांपाशी दगडी मूर्ती विकणाऱ्याची सीझनची कमाई.

अशाच माणसांच्या पैशावर खरा दरोडा पुण्यात पडला, 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस या सहकारी बँकेत. तारीख 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँका बंद. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते; खातं तपासून होकार येतो. चोरांनी मालवेअर घुसवून मधेच आपला बनावट स्विच बसवला. तो बँकेला न विचारताच होकार देत राहिला. आमच्या काळी टोकन देणं, सही ताडून पाहणं, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवणं, हा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी होता, की पैसे द्यायचे की नाही हे बँकेनेच ठरवावं. नेमकं तेच चोरांनी हातात घेतलं. काही तासांत 28 देशांतून सुमारे 78 कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी आणखी 13.92 कोटी ‘स्विफ्ट’ या बँकांमधल्या संदेशयंत्रणेमार्फत हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींहून अधिक.

ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, बोजा बँकेवर पडला. पण सहकारी बँक म्हणजे तरी कोण? तिचे सभासदच ना!

तिजोरीला कुणी हातही लावला नाही. एटीएमपुढे मात्र माणसं उभी होती, कोल्हापुरातसुद्धा. बनावट कार्डांवर पैसे काढायचे आणि आपला वाटा घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. पकडलेल्यांत आमच्या औरंगाबादचेही निघाले, हे वाचून मला फार लागलं. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने बोट दाखवलं ते उत्तर कोरियाकडे. तिथलं कुणी या खटल्यात पिंजऱ्यात उभं राहिलं नाही. तुरुंग आला तो वाटा घेणाऱ्यांच्या नशिबी.

मराठी दिग्दर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. तंत्र जरूर दाखवा, तेही मला बघायचंय. पण कॅमेरा एकदा मराठवाड्यातल्या अशा पोराच्या घरात न्या. त्याच्या हातात कार्ड कुणी ठेवलं, किती पैसे कबूल केले आणि पोलीस दारात आले तेव्हा घरच्यांना काय माहीत होतं, ते दाखवा.