गोलरक्षिकेची जागा

मुलगी नववी-दहावीस पोहोचली म्हणजे तिचा खेळ बंद पडावा, हा आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील एक अलिखित नियमच होऊन बसला आहे. तिला कोणी रागे भरत नाही, की मैदानावरून ओढूनही आणीत नाही. शिकवणीची वेळ आड येते, आजीला दिवेलागणीची काळजी वाटू लागते, शालान्त परीक्षेचे नाव निघते, आणि पायांतील बूट निमूटपणे माळ्यावर जातात. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील घरांत हे जसे चालते तसेच ते मोठ्या शहरांतही चालते. मुलाच्या बाबतीत मात्र हीच परीक्षा खेळाच्या इतकी आड येत नाही. या नियमाचा घरोघर फेरविचार व्हावा, एवढ्याच हेतूने आम्ही आज एका खेळाडूचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भारतीय महिला फुटबॉल संघाच्या गोलरक्षिका म्हणून अदिती चौहान यांनी अनेक वर्षे नाव गाजविले. त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १९९२ रोजी चेन्नईस झाला व त्या दिल्लीत वाढल्या. शाळेत त्या कराटे शिकत व बास्केटबॉल खेळत. पुढे शाळेतील क्रीडाशिक्षकांच्या सूचनेवरून त्या फुटबॉलच्या निवडचाचणीस गेल्या आणि पंधराव्या वर्षी दिल्लीच्या एकोणीस वर्षांखालील संघात गोलरक्षणासाठी निवडल्या गेल्या. वाचकांनी हे वय ध्यानात ठेवावे. आपल्याकडे ज्या वर्षी बूट माळ्यावर जातात, त्याच वर्षी त्यांनी ते पायांत चढविले.

‘गोलरक्षिका’ हा शब्द आमच्यासारख्या संस्कृताच्या जुन्या अभ्यासकास थोडा गमतीचा वाटतो. संस्कृतात गोल म्हणजे वाटोळी वस्तू. भास्कराचार्यांच्या ‘गोलाध्याया’तील गोल तो हाच. त्या अर्थाने गोलरक्षिका म्हणजे चेंडू सांभाळणारी ठरेल. प्रत्यक्षात तिचे काम चेंडूस दाराबाहेर ठेवण्याचे! हे दार चोवीस फूट रुंद व आठ फूट उंच असते. अकरा खेळाडूंपैकी चेंडूस हात लावण्याची मुभा तिला एकटीलाच, आणि तीही दारापुढील आखलेल्या चौकोनापुरती. दंड म्हणून प्रतिपक्षास जेव्हा बारा यार्डांवरून फटका मिळतो, तेव्हा चेंडू दारी पोहोचावयास सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात तिने दिशा ओळखून झेप घ्यावयाची. आघाडीच्या खेळाडूचे नऊ फटके वाया गेले व दहावा साधला तर त्याच्या गळ्यात हार पडतो. गोलरक्षिकेने नऊ अडविले व दहावा निसटला तर लोक त्या दहाव्याचीच चर्चा करीत घरी जातात.

पदवीनंतर त्या क्रीडा-व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडातील लफबरो विद्यापीठात गेल्या. त्या देशाचा या बाबतीतला इतिहास जाणण्याजोगा आहे. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूल येथे महिलांचा सामना पाहण्यास सुमारे त्रेपन्न हजार लोक लोटले होते. पुढल्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने, हा खेळ स्त्रियांस योग्य नव्हे असे ठरवून, आपल्या सभासद संघांची मैदाने त्यांस बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. तात्पर्य, मुलींचा खेळ थांबविण्याची बुद्धी केवळ आपल्याच घरांत उपजली असे नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये अदिती चौहान वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात दाखल झाल्या. हा संघ त्या वेळी तिसऱ्या श्रेणीत खेळत असे. पहिलाच सामना कॉव्हेंट्रीशी झाला व तो पाच विरुद्ध शून्य असा गेला. परक्या देशात, पहिल्याच दिवशी, पाच वेळा आपल्या पाठीमागच्या जाळ्यातून चेंडू काढून द्यावयाचा, याची कल्पना वाचकांनी करून पाहावी. तथापि त्यांनी ती जागा सोडली नाही. पुढे २०१८ पर्यंत त्यांचा या संघाशी संबंध राहिला, व शिक्षणही त्यांनी पुरे केले.

राष्ट्रीय संघातून त्या सत्तावन्न सामने खेळल्या. सिलिगुडी येथील २०१६ ची व विराटनगर येथील २०१९ ची दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भारताने जिंकली, त्या दोन्ही संघांत त्या होत्या. २०२२ ची आशिया चषक स्पर्धा तर आपल्या महाराष्ट्रातच भरली. २० जानेवारी रोजी नव्या मुंबईत इराणविरुद्धच्या सामन्यात त्यांनी दार अभेद्य राखले. परंतु आपल्यालाही गोल साधला नाही व सामना बरोबरीत सुटला. तीन दिवसांनी तैवानशी गाठ होती. तेवढ्यात करोनाच्या साथीने संघ गाठला. नियमाप्रमाणे लागणारे तेरा खेळाडूही उभे करता येईनात. भारतास स्पर्धेतून बाहेर पडावे लागले, आणि इराणबरोबरचा निकालही रद्द झाला. एकही गोल न स्वीकारता स्पर्धा संपली, व त्या दिवसाचे श्रेय अधिकृत गुणतक्त्यात उरले नाही!

जुलै २०२५ मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली. त्याच महिन्याच्या आरंभी भारतीय महिलांनी थायलंडास त्याच्या भूमीवर दोन विरुद्ध एक असे नमवून २०२६ च्या आशिया चषकात स्थान मिळविले होते. अदिती चौहान यांनी मुलींस फुटबॉल शिकविणारी एक संस्थाही काढली आहे.

यावर कोणी गृहस्थ विचारतील की, प्रत्येक मुलगी काही राष्ट्रीय संघात जाणार नाही. मग हा उपद्व्याप कशास? प्रश्न रास्त आहे. परंतु गणित शिकणारा प्रत्येक मुलगा भास्कराचार्य होत नाही, म्हणून आपण त्याची अंकलिपी मिटून ठेवीत नाही. मुलगी ज्या घरी जाईल व जे काम पत्करील तेथे तिला पाच गोलांचा दिवस केव्हा तरी येणारच. त्या दिवसानंतर पुन्हा आपल्या जागी उभे राहण्याची सवय शिकवणीच्या वर्गात लागत नाही. अभ्यासाची हानी होते म्हणावे, तर वरील चरित्रात पदवी व खेळ एकमेकांच्या हातात हात घालून चालले आहेत.

आमचे सांगणे एवढेच आहे. यंदा ज्या घरात मुलगी नववीत जात असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या संध्याकाळचा एक तास तिच्याकडेच राहू द्यावा. दिवेलागणीची काळजी वाटत असेल तर आजोबांनी स्वतः मैदानाच्या कडेला जाऊन बसावे. त्यांचेही फिरणे होईल. आणि बूट माळ्यावर टाकण्यापूर्वी, ते टाकावे की नाही, हे एकवार त्या मुलीसच विचारावे.